सकाळी उपाशीपोटी एक

पंपवाल्याच्या बायकोला बारा महिने थंडी वाजायची. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात काजाच्या मशीनवर होती. दिवसभर शर्टांना काजं पाडायची, म्हणून सगळे तिला काजवाली म्हणत. तिच्या पाठीमागेच इस्त्रीची टेबलं होती. तिथल्या वाफेनं बाकीच्या बाया घामानं निथळत असायच्या आणि ही मात्र गळ्यापर्यंत बटणं लावलेला लोकरी स्वेटर घालून बसलेली. मैत्रिणी म्हणायच्या, "तुला बर्फाच्या कारखान्यात लावलं असतं तर मालकाची वीज वाचली असती." तीही हसायची, पण जरा उशिरा. विनोद तिच्यापर्यंत पोचायलाच वेळ लागायचा.

गेल्या दोन वर्षांत तिचं सगळंच मंदावलं होतं. आवाज जड झाला होता, भुवया टोकाकडून विरळ झाल्या होत्या आणि चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. जिना चढताना ती प्रत्येक मजल्यावर थांबायची. त्यांची सहा वर्षांची मुलगी, घरात तिला चिमणी म्हणत, एकदा म्हणाली, "आई, तू सेल संपलेल्या बाहुलीसारखी बोलतेस." सगळे हसले. पंपवाला मात्र हसला नाही.

तो पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसमध्ये होता. कुठला व्हॉल्व्ह किती वाजता उघडायचा, कुठला बंद करायचा, दाबाचा काटा कुठल्या आकड्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, हे त्याचं काम. बावीस वर्षांत त्याच्या हातून एकदाही वेळ चुकली नव्हती. घरातही तो तसाच होता. त्याची थोरली बहीण, आक्का, दोन गल्ल्या सोडून राहायची. ती म्हणायची, "हा जन्मलासुद्धा घड्याळ बघून."

शेवटी तो बायकोला जवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. हे डॉक्टर घरच्यासारखे होते, चिमणीचे सर्दीखोकले त्यांनीच काढले होते. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, रिपोर्ट पाहिला आणि हसून म्हणाले, "अहो, घाबरायचं काही नाही. थायरॉईड कमी आहे. आता घरोघरी झालंय हे. एक गोळी, सकाळी उपाशीपोटी. आयुष्यभर घ्यायची, पण चुकवायची नाही."

चुकवायची नाही हे शब्द पंपवाल्याच्या ओळखीचे होते. त्याने ते काम स्वतःकडे घेतलं. रोज कामावर निघण्याआधी तो पाण्याचा पेला आणि ती इवलीशी पांढरी गोळी घेऊन तिच्या उशाशी उभा राहायचा. ती अर्धवट झोपेत तोंड उघडायची.

पहिले चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "छातीत धडधडतंय." मग जेवण जाईना. मग मळमळ सुरू झाली. उठून उभी राहिली की डोळ्यांसमोर अंधारी यायची आणि ती भिंत धरायची. दोन आठवड्यांत स्वेटर तिच्या अंगावर लोंबायला लागला.

"अहो, ही गोळी मला सोसत नाही," ती एका सकाळी म्हणाली.

त्याने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, सुरुवातीला होतं असं काहींना, सोडू नका, पुढच्या आठवड्यात दाखवायला आणा.

"ऐकलंस?" तो बायकोला म्हणाला. "सोडायची नाही. नखरे पुरे झाले. कर आ."

तिने आ केला.

त्यानंतर चारच दिवसांनी, शनिवारी, तिला सकाळी बारीक ताप होता. गोळी घेतली तशी तिला उलटी झाली. उलटीत गोळी पडलेली त्याला दिसली. त्याने दुसरी काढली. ती मान हलवत होती, तिचे ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता. त्याने एका हाताने तिची हनुवटी धरली, गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी पाजलं. "झालं," तो म्हणाला. "आता पड शांत."

पाऊण तासाने चिमणी स्वयंपाकघरात आली. "बाबा, आई मला ताई म्हणतेय."

तो धावला. बायकोचं अंग थंडगार आणि घामानं चिंब होतं. डोळे उघडे होते, पण ते कुणालाच बघत नव्हते. त्याने हाक मारली, गाल थोपटले. तिने कुणातरी वेगळ्याच माणसाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दार लावून घ्या, गाडी सुटेल."

तीन मजले तो तिला उचलून उतरला. ती इतकी हलकी झाली होती की त्याला वाटेत एकदाही थांबावं लागलं नाही. खालच्या दुकानदाराने माल आणायची गाडी काढली. चिमणीला शेजारणीच्या हाती देऊन तो मागे बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसला. वाटभर तो तिच्या नाकाशी बोट धरून होता. श्वास लागतोय का, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

मोठ्या हॉस्पिटलात तिला ढकलगाडीवर घातलं, पडदा ओढला. पडद्याआडून आकडे ऐकू येत होते. साखर चाळीसच्याही खाली. ब्लडप्रेशर वरचं सत्तर. आकड्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाला कुठला आकडा वाईट हे सांगावं लागत नाही. तो भिंतीला पाठ लावून तसाच खाली बसला.

पडदा सारून एक ठेंगणी डॉक्टरीण बाहेर आली. चष्मा कपाळावर चढवलेला, आवाज खणखणीत. "साखर दिली, तरी प्रेशर उठत नाहीये. काय औषधं चालू आहेत?"

त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दिली. तिने ती बघितली आणि तिची नजर पट्टीवरच थांबली.

"किती मुलं?"

"एक. सहा वर्षांची."

"बाळंतपण कसं झालं होतं?"

"फार रक्त गेलं होतं. आठ बाटल्या चढवल्या. सगळे म्हणाले, वाचली हेच खूप."

"नंतर दूध आलं होतं का?"

हा काय प्रश्न, असं त्याला वाटलं. बायको आत मरत होती आणि ही सहा वर्षांपूर्वीचं दूध विचारत होती. "नाही," तो म्हणाला. "थेंबभरही नाही. डब्याचंच पाजलं."

"आणि पाळी?"

तो खाली बघत म्हणाला, "तेव्हापासून नाही. आम्हाला वाटलं, एवढं रक्त गेलं, आता येणार कुठून."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत डॉक्टरीण वळली होती. पडद्याआड जाता जाता तिने कसल्याशा इंजेक्शनचं नाव मोठ्याने सांगितलं आणि म्हणाली, "आत्ता. रिपोर्टची वाट बघू नका."

दुपारी दोनच्या सुमारास काजवालीने डोळे उघडले, छताकडे बघितलं आणि विचारलं, "चहा मिळेल का?" गेल्या तीन आठवड्यांत तिने स्वतःहून काही मागितलं नव्हतं. पंपवाला चहा आणायला म्हणून बाहेर गेला आणि जिन्यात उभा राहून हमसून हमसून रडला.

दोन दिवसांनी डॉक्टरिणीने दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. बाकीच्या ग्रंथींना हुकूम सोडायचं काम तिचं. बाळंतपणात रक्त गेलं तेव्हा ती सुकली. तिच्या हुकमावर चालणारं एकेक बंद पडत गेलं. आधी दूध, मग पाळी, मग थायरॉईड, आणि संकटात शरीराला उभं धरणारं हार्मोन, तेही.

"थायरॉईडची गोळी शरीराला पळायला लावते," ती म्हणाली. "पण पळायला जे बळ लागतं तेच हिच्यात उरलं नव्हतं. आधी ते बळ द्यायचं असतं, आणि मग ही गोळी. इथे उलटं झालं."

पंपवाल्याने विचारलं, "म्हणजे मी रोज तिला..."

"तुम्हाला सांगितलेलं औषध तुम्ही दिलंत. दुधाचं विचारलं नसतं तर कदाचित मीही हीच गोळी लिहिली असती."

तो "हो" म्हणाला, पण त्याला ते शब्द नीट ऐकूच आले नव्हते. त्याला तिची हनुवटी आठवत होती, आपल्या मुठीत धरलेली.

घरी येताना चार गोष्टी बरोबर आल्या. बळाची गोळी, सकाळी एक आणि दुपारी अर्धी, ताप आला तर दुप्पट. आजाराची माहिती लिहिलेलं एक कार्ड, कायम जवळ ठेवायचं. इंजेक्शनची डबी, उलट्या होऊन गोळी पोटात राहिली नाही तर टोचायची. आणि तीच ती पांढऱ्या गोळ्यांची पट्टी. "ही दहा दिवसांनी पुन्हा सुरू करा, अर्ध्या डोसवर," डॉक्टरिणीने बजावलं होतं. "तोवर शरीर तयार झालेलं असेल. घाबरू नका."

बळाच्या गोळीने चमत्कार झाल्यासारखं झालं. काजवाली जेवायला लागली, उठून बसायला लागली. आक्का रोज येऊन स्वयंपाक करायची. पाचव्या दिवशी काजवाली तिला म्हणाली, "वन्सं, तुमच्या हातचं खाऊन बरी झाले तर तुम्ही मला ते जन्मभर ऐकवाल. मीच उठते आता." आक्काने तोंड वाकडं केलं आणि पंपवाल्याकडे वळून डोळे पुसले.

दहावा दिवस उजाडला. पंपवाल्याने पट्टीतून गोळी काढली, तिचा अर्धा तुकडा केला. बायको उशीला टेकून बसली होती. त्याने हात पुढे केला आणि हात तिथेच राहिला. तळव्यावरचा तो खडूच्या कणाएवढा तुकडा बघताना त्याला घाम फुटला. कानात घुमायला लागलं, दार लावून घ्या, गाडी सुटेल.

"काय झालं?" तिने विचारलं.

"पाणी राहिलं," असं म्हणून तो आत गेला. तुकडा त्याने शर्टाच्या खिशात टाकला आणि घरातल्या जीवनसत्त्वाच्या गोळीचा तसाच एक पांढरा तुकडा करून आणला. तिने आ केला.

उद्या देऊ, असं त्याने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. खिशातला तुकडा तो पंपहाऊसमध्ये ग्रीसच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. हौदात टाकायचीही सोय नव्हती, ते पाणी गावभर जायचं. आठवड्याभरात त्याला त्यात काही वावगं वाटेनासं झालं. ती हसतेय, जेवतेय, कामावर परत गेलीय. मग कशाला विषाची परीक्षा? तिला अजून थंडी वाजायची, आवाज जडच होता, विंचरताना केसांचा पुंजका हातात यायचा. ते दिसलं की तो दुसरीकडे बघायचा.

महिन्याभराने डॉक्टरिणीने बाईपणाची हार्मोन्स सुरू केली. तिचं वय पस्तीस, हाडं टिकायला हवीत, म्हणाली. ह्या गोळ्या मात्र त्याने दिल्या, कारण त्यांनी तिला कधी काही केलं नव्हतं. एका रविवारी दुपारी तो चिमणीचा बूट शिवत बसला होता आणि न्हाणीघरातून किंकाळी आली.

तो दार ढकलून आत गेला. काजवाली भिंतीला चिकटून उभी होती. फरशीवर रक्ताचे दोन थेंब होते.

"पुन्हा सुरू झालं," ती दातांवर दात आपटत म्हणाली. "अहो, पुन्हा तसंच होणार. आता नाही थांबायचं ते."

त्यालाही तेच वाटलं. रक्ताने भिजलेली ती चादर, धावणाऱ्या नर्सा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. फोन लावताना त्याची बोटं भलतेच आकडे दाबत होती. डॉक्टरिणीने ऐकून घेतलं, किती जातंय ते विचारलं आणि म्हणाली, "अहो, ही पाळी आहे. मी सांगितलं होतं की येईल म्हणून. अभिनंदन."

त्याने फोन तिच्या कानाला लावला. तिने ऐकलं आणि दोघं तिथेच ओल्या फरशीवर बसली. तिला आधी हसू आलं की रडू, तिलाच कळेना. "सहा वर्षं सुट्टीवर होती," ती म्हणाली. "येताना कळवायचं तरी." तो हसला. पण फोन त्याने बराच वेळ हातातून खाली ठेवला नाही.

हॉस्पिटलातून आल्याला दोन महिने झाल्यावर पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरिणीने रिपोर्ट उलटसुलट बघितला. "थायरॉईड जागचं हललेलं नाही. आश्चर्य आहे. अर्ध्याची दीड करू, म्हणजे तिप्पट."

पंपवाला तिच्या चालणाऱ्या पेनाकडे बघत होता.

"गोळी नियमित जाते ना?" तिने विचारलं.

"जाते तर," काजवाली अभिमानाने म्हणाली. "हे स्वतः देतात. माझा नवरा घड्याळाचा काटा आहे."

ते ऐकून त्याला बसवेना. तिप्पट डोस लिहून मिळाला, आणि उद्या दुसऱ्याच कुणाच्या हातून ती गोळी तिच्या पोटात गेली तर? "नाही जात," तो म्हणाला. "मी देतच नाही. एकही दिली नाही." मग त्याने सगळं सांगितलं, ग्रीसच्या डब्यापर्यंत.

डॉक्टरीण ओरडली नाही. तिने चष्मा डोळ्यांवर ओढला, लिहिलेलं खोडलं आणि पुन्हा अर्धीच लिहिली. "तिप्पट दिली असती तर काय झालं असतं, हे तुम्हाला सांगायला नको," एवढंच ती म्हणाली.

बसथांब्यापर्यंत काजवाली त्याच्या पुढे चालत राहिली. बाकावर बसल्यावर समोर बघत म्हणाली, "दोन महिने मी स्वतःला आळशी समजत होते. मशीनवर डुलकी लागायची तर स्वतःला चिमटे काढायचे. तुम्ही बघत होतात."

"मला भीती वाटायची."

"कशाची? मी मरेन याची?"

"माझ्या हातून मरशील याची," तो म्हणाला.

बस आली आणि गेली. दोघंही उठली नाहीत. मग तिने हात पुढे केला. "सगळ्या पट्ट्या इकडे द्या. आजपासून माझं औषध माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आधी बळाची गोळी घेतली, थोडं थांबून पांढरा अर्धा तुकडा जिभेवर ठेवला, पाणी प्यायली आणि रिकामा पेला त्याच्या हातात दिला. तो तिच्याकडे बघत राहिला. अर्ध्या तासाने तिने केस विंचरले. तो बघत होता. तिने डबा भरला. तो मागे उभा.

"मी काय दाबाचा काटा आहे का?" ती वैतागून म्हणाली. "जा कामावर."

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने न कळवता दांडी मारली. इंजेक्शनची डबी खिशात घालून तो कारखान्याच्या फाटकासमोर उभा राहिला. आतून मशीनांची घरघर येत होती. मध्येच ती थांबली की त्याचं काळीज थांबायचं. दहा वाजले, अकरा वाजले. एकदा एक बाई धावत बाहेर आली आणि तो रस्ता ओलांडून तिच्या अंगावरच गेला. ती सुया आणायला निघाली होती.

जेवणाच्या सुट्टीत काजवाली बाहेर आली. त्याला बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "रखवालदार विचारतोय, तो समोरचा माणूस कोण, पोलिसांना बोलवू का."

"बरं वाटतंय ना?"

"भूक लागलीय. इथेच बसा, अर्धं खा."

पायरीवर बसून दोघांनी एका डब्यातलं खाल्लं. तो तिच्या मानेची शीर बघत होता.

संध्याकाळ झाली, आणि काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे डोस सावकाश वाढत गेला. महिन्याभरात तिने कारखान्यात स्वेटर काढून ठेवला. आवाज सुटा झाला. चिमणीने तक्रार केली, "आई आता लगेच ओरडते, आधी वेळ मिळायचा." पंपवाल्याची भीती गेली नाही, फक्त एका कोपऱ्यात गप बसायला शिकली.

एक काम राहिलं होतं. जवळच्या डॉक्टरांचा दवाखाना दिसला की तो रस्ता बदलायचा. चार शब्द सुनावायचे ठरवून तो दोनदा दारापर्यंत जाऊन आला होता. काजवाली म्हणाली, "जा. पण भांडू नका. सांगून या."

तो दुपारी गेला. पेशंट नव्हता. डॉक्टर हसून म्हणाले, "या, गोळी लागू पडली ना?"

त्याने सांगितलं. रागाने बोलायचं ठरवलं होतं, पण बोलताना राग सापडेना. डॉक्टरांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं, ते घरंगळून पडलं, तरी त्यांनी उचललं नाही.

"आता कशी आहे?"

"बरी आहे."

"मी विचारलंच नाही," डॉक्टर म्हणाले. "बाळंतपणाचं. दुधाचं. साधा प्रश्न होता."

पंपवाल्याने वाकून पडलेलं पेन उचललं आणि टेबलावर ठेवलं. वर बघितलं तेव्हा त्या माणसाच्या डोळ्यांत भीती होती. ती भीती त्याच्या चांगलीच ओळखीची होती.

डॉक्टर एकदम उठले. मागचं कपाट उघडून त्यांनी वरच्या फळीकडे हात नेला. हात पोचेना. "ते गठ्ठे काढून देता का? गेल्या तीन वर्षांचे. ही गोळी कुणाकुणाला लिहिली ते बघायला हवं. आत्ताच."

पंपवाला स्टुलावर चढला आणि एकेक गठ्ठा खाली देत गेला. डॉक्टर जमिनीवरच मांडी घालून बसले आणि केसपेपर उलगडायला लागले. बाहेर दोन पेशंट येऊन बसले, त्यांना थांबायला सांगितलं. पाच वाजेपर्यंत तीन कागद वेगळे निघाले. तीन बाया, तिघींच्याही बाळंतपणात फार रक्त गेल्याची नोंद होती, पुढचं काहीच विचारलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी फोन जवळ ओढला. पहिला नंबर लावून ते वाट बघत राहिले. पलीकडे घंटी वाजत होती आणि पंपवाला बाकीचे दोन कागद हातात धरून उभा होता.

"हॅलो," अखेर पलीकडून एका बाईचा आवाज आला, जड आणि सावकाश.

"बाई, मी डॉक्टर बोलतोय," ते म्हणाले. "घाबरू नका. मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय."